‘उलगडा नाही’ हा शेरा



१७ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकी हवाई दलाचे सचिव रॉबर्ट सीमन्स यांनी ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ बंद करत असल्याचे जाहीर केले. आकाशात काही विचित्र दिसल्याच्या ज्या खबरा १९४७ पासून हवाई दलाकडे आल्या होत्या, त्यांचा हिशेब असा निघाला: एकूण प्रकरणे १२,६१८, उलगडा न झालेली ७०१. या ७०१ वरून दोन पक्षांचे भांडण आजही चालू आहे. एक पक्ष म्हणतो, शंभरातली चौऱ्याण्णव प्रकरणे सुटली, उरलेलीही पुरेशी माहिती मिळती तर सुटलीच असती. दुसरा म्हणतो, सरकारी तज्ज्ञांनीही सातशे ठिकाणी हात टेकले, यातच सगळे आले. मला वाटते, दोघेही ज्या आकड्यावर उभे आहेत तो आकडाच पोकळ आहे. परग्रहावरून कुणी आले होते का, याचे उत्तर या दप्तरातून मिळत नाही. ते दप्तर कसे बिघडले हे मात्र त्यातच वाचायला मिळते. उडत्या तबकड्यांसारखा विषय या व्यासपीठावर आणण्याचे धाडस मी केले ते एवढ्यासाठी, की सरकारला न कळलेली गोष्ट सरकारी कागदावर कशी उतरते याचे इतके तपशीलवार उदाहरण दुसरे सापडणे अवघड आहे.

सुरुवात वाईट नव्हती. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या खासगी वैमानिकाला वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियरजवळ नऊ वस्तू वेगाने जाताना दिसल्या, वृत्तपत्रांनी त्यांच्या तबकड्या केल्या आणि काही आठवड्यांत देशभरातून खबरा येऊ लागल्या. सप्टेंबरमध्ये जनरल नेथन ट्वायनिंग यांनी वरिष्ठांना कळवले की हा प्रकार खरा आहे, भास किंवा कल्पनाविलास नाही. यात परग्रहाचा उल्लेख नव्हता. रशियाकडे काही नवे विमान असेल का, किंवा आपल्याच एखाद्या खात्याचे गुप्त काम असेल का, ही धास्ती होती. १९४८ मध्ये ‘साइन’, मग ‘ग्रज’ आणि १९५२ मध्ये ‘ब्लू बुक’ अशा चौकश्या ओहायोतील डेटनजवळच्या हवाई तळावरून चालल्या. ब्लू बुकचे पहिले प्रमुख कॅप्टन एडवर्ड रूपेल्ट हे शिस्तीचे गृहस्थ होते. त्यांनी ओहायो राज्य विद्यापीठाच्या मदतीने साक्षीदारांसाठी एक ठरावीक प्रश्नावली तयार करून घेतली: वस्तू किती वेळ दिसली, कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती उंच. चांगल्या पंचनाम्याला लागते ते सगळे तिच्यात होते.

आता हवाई दलाचाच वर्षवार तक्ता पाहा. १९५२ साली १,५०१ खबरा आल्या आणि त्यांतल्या ३०३ न सुटलेल्या म्हणून नोंदल्या गेल्या, म्हणजे पाचास एक. बावीस-तेवीस वर्षांत मिळून जी ७०१ अनुत्तरित प्रकरणे उरली, त्यांतली तीनशेहून अधिक या एकाच वर्षातली. १९५७ साली, म्हणजे रशियाच्या स्पुटनिक उपग्रहाच्या वर्षी, १,००६ खबरा आल्या आणि न सुटलेल्या किती? चौदा. पाच वर्षांत शेकडा वीसचे शेकडा दीडच्याही खाली आले. तपासाची साधने तेवढ्यात बदलली नव्हती, कर्मचारी तर कमीच झाले होते. बदलले होते ते वरून आलेले धोरण. जुलै १९५२ मध्ये लागोपाठ दोन शनिवार-रविवारी राजधानी वॉशिंग्टनच्या विमानतळावरील रडारवर अनोळखी ठिपके उमटले, लढाऊ विमाने उडाली, वृत्तपत्रांत मथळे झळकले. तापमानाच्या उलट्या थरामुळे रडारला असे भास होतात, असा खुलासा मेजर जनरल सॅमफर्ड यांना पत्रकार परिषद घेऊन करावा लागला. मग जानेवारी १९५३ मध्ये सीआयएने भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ बसवले. पुढे नोबेल मिळवणारे लुइस अल्वारेझ त्यात होते. मंडळाने चार दिवस निवडक प्रकरणे पाहिली आणि या वस्तूंपासून देशाला थेट धोका नाही, असा निर्वाळा दिला. धोका खबरांचाच आहे, असे मंडळाचे मत पडले: रशियाचा हल्ला झालाच तर ऐन वेळी संदेशवहन तबकड्यांच्या फोनांनी तुंबेल. म्हणून लोकांचे कुतूहल उतरवावे, त्यासाठी प्रसारमाध्यमे वापरावीत, अगदी वॉल्ट डिस्नेच्या कंपनीचीही मदत घ्यावी, अशी शिफारस झाली. खुद्द हा अहवाल अर्थात गुप्त ठेवला गेला.

पाठोपाठ हवाई दलाचा एक नियम आला, त्याचा क्रमांक २००-२. वस्तू नक्की ओळखली गेली असेल तरच वार्ताहरांना तिचा तपशील द्यायचा, नसेल तर तपास चालू आहे एवढेच सांगायचे. वरवर पाहता हा नियम निरुपद्रवी वाटतो. पण ज्या कचेरीला सुटलेलेच प्रकरण लोकांपुढे मांडता येते, तिच्या टेबलावर न सुटलेले प्रकरण ही अडचण होऊन बसते आणि अडचण निकाली काढण्याकडे कचेरीचा कल जातो, हे सरकारी कारभाराशी ज्याचा संबंध आला आहे त्याला वेगळे सांगायला नको. ब्लू बुकचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक यांची तक्रार नेमकी हीच होती. फाइलवर ‘बहुधा फुगा’ किंवा ‘शक्यता विमानाची’ असे लिहिलेले असे आणि वर्षाच्या बेरजेत तो ‘बहुधा’ गळून नुसता फुगा, नुसते विमान उरे.

यावर कुणी म्हणेल, १९५७ ची घसरण स्पुटनिकमुळे झाली. लोक एकाएकी आकाशाकडे पाहू लागले, शुक्राला आणि उल्कांना घाबरू लागले, त्यामुळे सहज सुटणाऱ्या खबरांची भर पडली. हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. भर पडली हे खरे. पण त्या हिशेबाने न सुटलेल्यांचे प्रमाण कमी व्हावे, संख्या नव्हे. १९५६ साली ६७० खबरांत न सुटलेल्या चौदाच होत्या आणि त्या वर्षी स्पुटनिक नव्हता. दुसराही खुलासा सुचवता येईल, की तपासनीस अनुभवाने तयार झाले. पण रूपेल्ट १९५३ मध्येच बाहेर पडले होते आणि त्यांच्यामागे कचेरी आक्रसत गेली होती.

या सगळ्यात भर पडली ती यू-२ विमानाची. ऑगस्ट १९५५ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात या हेरविमानाची चाचणी सुरू झाली. त्या काळी प्रवासी विमाने दहा ते वीस हजार फुटांवरून जात, लष्करी विमाने सहसा चाळीस हजारांच्या आत. साठ हजार फुटांवर माणूस विमान चालवत असेल, ही कल्पना फारशी कुणाच्या मनात येत नसे. संध्याकाळी पश्चिमेकडे निघालेल्या प्रवासी विमानातला वैमानिक डोळ्यांपुढे आणा. त्याच्या उंचीवर सूर्य मावळून अंधार पडला आहे. त्याच्या वर आठ-नऊ मैलांवर मात्र अजून ऊन आहे आणि त्या उन्हात एका लांब पंखांच्या, रंग न दिलेल्या चंदेरी विमानाचे पंख पेटल्यासारखे तळपत आहेत. तो घाबरून नियंत्रण कक्षाला कळवतो आणि उतरल्यावर डेटनला पत्र लिहितो. ब्लू बुकचे अधिकारी वॉशिंग्टनमधल्या सीआयएच्या माणसांना फोन करून त्या वेळेची उड्डाणे ताडून पाहत, त्यांना उत्तर मिळे आणि ते पत्रलेखकाला सांगता येत नसे. मग त्याला बर्फाचे स्फटिक, तापमानाचा थर असे काहीतरी कळवले जाई. राष्ट्रीय टेहळणी कार्यालयाचे इतिहासकार जेराल्ड हेन्स यांनी १९९७ मध्ये सीआयएच्याच नियतकालिकात हे छापून टाकले. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धातील आणि साठच्या दशकातील निम्म्याहून अधिक खबरांमागे यू-२ आणि त्यानंतरची गुप्त विमाने होती, असा त्यांचा दावा आहे आणि हवाई दलाने लोकांची दिशाभूल करणारी विधाने केली, हेही त्यांनी लपवलेले नाही.

हेन्स यांचा ‘निम्म्याहून अधिक’ हा आकडा खरा आहे का? अनेक अभ्यासकांना तो फुगवलेला वाटतो आणि मलाही तो पचत नाही. खबरांत जमिनीजवळच्या, रात्री उशिराच्या, चेंडूएवढ्या दिव्यांच्या गोष्टी भरपूर आहेत. त्यांचा साठ हजार फुटांशी काय संबंध? पण हे माझे किंवा हेन्स यांचे मत झाले. दप्तर उघडून शहानिशा करावी म्हटले तर ती होत नाही, कारण जिथे ‘यू-२’ असायला हवे होते तिथे दुसरेच काही लिहिले आहे आणि खोट्या स्फटिकांतून खरे स्फटिक वेगळे काढण्याची सोय नाही. पुढे साठ वर्षांनी सीआयएला स्वतःच्या बाजूचा पुरावा द्यायचा झाला, तर तोही तिने स्वतःच्या हाताने पुसलेला आहे. हे दप्तर १९७६ पासून राष्ट्रीय अभिलेखागारात कुणालाही पाहता येते. उघडे असूनही त्याचा उपयोग होऊ नये, यातली गोम इथे आहे.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप संरक्षणाचा. शीतयुद्ध ऐन भरात असताना सरकारने काय एका वैमानिकाच्या समाधानासाठी यू-२ चे गुपित फोडायचे होते? नाही, अजिबात नाही. गुपित ठेवण्याचा अधिकार सरकारला आहे आणि तो मी नाकारत नाही. पण गुपित ठेवण्यासाठी खोटे उत्तर लागत नव्हते. ‘उलगडा नाही’ एवढा शेरा पुरेसा होता. रशियन हेराला त्यातून काय कळले असते? उलट खोट्या खुलाशाचे काय होते ते १ मे १९६० रोजी दिसले. गॅरी पॉवर्स या वैमानिकाचे यू-२ रशियाने स्वेर्दलोव्स्कजवळ पाडले. ‘नासा’ने निवेदन काढले की हवामानाचे संशोधन करणारे विमान तुर्कस्तानावर भरकटले, वैमानिकाला प्राणवायूची अडचण आली होती. एका विमानावर नासाची खूण रंगवून ते पत्रकारांना दाखवण्यातही आले. काही दिवसांत रशियाचे नेते ख्रुश्चेव्ह यांनी वैमानिक जिवंत आपल्या ताब्यात असल्याचे जगापुढे जाहीर केले. त्या दिवसापासून यू-२ हे गुपित उरले नव्हते. तरी डेटनच्या फाइलींतले खुलासे कुणी दुरुस्त केले नाहीत. ब्लू बुक त्यानंतर नऊ वर्षे चालला आणि लोकांना हा संबंध कळायला सदतीस वर्षे लागली.

हवामानाचे निमित्त अमेरिकी लष्कराच्या अंगवळणीच पडले होते म्हणा ना. रॉझवेलचे प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. ८ जुलै १९४७ रोजी न्यू मेक्सिकोतील हवाई तळाने ‘उडती तबकडी’ हाती लागल्याचे पत्रक काढले आणि त्याच दिवशी टेक्सासमध्ये जनरल रेमी यांनी तो हवामानाचा फुगा असल्याचे सांगितले. फुगा होता हे बहुधा खरे. हवामानाचा नव्हता. रशियाच्या अणुचाचण्यांचा आवाज वातावरणाच्या वरच्या थरांत टिपण्यासाठी ‘मोगल’ नावाच्या गुप्त प्रकल्पात फुग्यांच्या लांब माळा सोडल्या जात होत्या, त्यांना रडारसाठी चकचकीत परावर्तक बांधलेले असत, त्यातलीच ती एक माळ, असे हवाई दलाने १९९४ मध्ये सांगितले. मधल्या सत्तेचाळीस वर्षांपैकी पहिली तीस या प्रकरणाकडे कुणाचे फारसे लक्षही नव्हते. १९७८ नंतर ते उकरले गेले आणि त्यावर पुस्तकांचे पीक आले. मोगलचा खुलासा माझ्या मते पटण्यासारखा आहे, पण एकदा हवामान सांगून चुकलेल्या तोंडून तो आला होता. त्यात १९९५ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने, तिथल्या खासदाराच्या मागणीवरून, रॉझवेल तळाची कागदपत्रे शोधली. १९४६ ते १९४९ या काळात तळावरून बाहेर गेलेले संदेश नष्ट झालेले आढळले आणि ते कुणी, केव्हा, कोणाच्या अधिकाराने नष्ट केले याची नोंद नव्हती. या नाशामागे कट असावा असे मानायला काही आधार नाही. कारकुनाने रद्दी काढली असेल. ब्रिटनचे संरक्षण मंत्रालय तर १९६७ पर्यंत अशा फाइली दर पाच वर्षांनी रीतसर फाडत होते. पण रद्दी आणि कट यांतला फरक दाखवणारा कागदच हरवला, की ज्याला जे हवे ते तो मानतो.

याउलट काय घडते ते महाराष्ट्रानेच पाहिले आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भातल्या आकाशात पेटते गोळे ओळीने सरकताना लोकांनी मोबाइलवर टिपले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात माणसाहून मोठे धातूचे कडे येऊन पडले. जवळपासच्या भागात धातूचे गोलही सापडले. क्षेपणास्त्र, उपग्रह, परग्रह, रात्रभर सगळे बोलून झाले. पण त्याच रात्री जोनाथन मॅकडॉवेल या अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञाने सांगितले की फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा त्या वेळी वातावरणात शिरणार होता. मॅकडॉवेल यांच्याकडे कोणतेही गुपित नव्हते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वस्तूंच्या कक्षांची यादी कुणालाही पाहता येते, वेळ आणि दिशा जुळवायची एवढेच काम होते. डेटनच्या कार्यालयातही फोनवर हेच काम होत असे. उत्तर सांगता येत होते की नाही, फरक एवढाच.

फ्रान्सने १९७७ मध्ये हे काम लष्कराकडे न देता तूलूझ येथील राष्ट्रीय अंतराळ संस्थेत ठेवले आणि २००७ मध्ये दप्तर इंटरनेटवर खुले केले. त्यांची वर्गवारी चार अक्षरांची आहे. ओळख पक्की असेल तर पहिले अक्षर, बहुधा ओळखली गेली असेल तर दुसरे, माहिती अपुरी असेल तर तिसरे, आणि माहिती पुरेशी असून तपासानंतरही कळत नसेल तर चौथे. हायनेक यांचा गळून पडलेला ‘बहुधा’ इथे स्वतःचे घर घेऊन बसला आहे. यापेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे जुनी चौथ्या वर्गातली प्रकरणे ही संस्था पुन्हा उघडते आणि नव्या साधनांनी तपासून अनेकांचा वर्ग बदलते. हे शक्य होते, कारण मूळ जबाब, वेळ, कोन जसेच्या तसे ठेवलेले आहेत. खोटा खुलासा चिकटवलेले प्रकरण कुणी पुन्हा उघडत नाही. ते सुटलेले असते.

उघडेपणाने श्रद्धाळूंचे समाधान होत नाही, असेही म्हटले जाईल. खरे आहे, होत नाही. १९६९ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या एडवर्ड काँडन यांचा जाडजूड अहवाल प्रसिद्ध झाला. तबकड्यांच्या अभ्यासातून एकवीस वर्षांत विज्ञानाच्या पदरी काही पडले नाही, असा निष्कर्ष त्यांनी आरंभीच लिहिला. राष्ट्रीय विज्ञान अकादमीनेही त्याला मान्यता दिली. आत मात्र १९५६ मधील इंग्लंडच्या लेकनहीथ तळासारखी प्रकरणे उत्तराविना पडून होती. श्रद्धाळूंनी आतली पाने वाचली, वृत्तपत्रांनी पहिली. पण नोंदी खुल्या ठेवायच्या त्या श्रद्धाळूंचे मन वळवण्यासाठी नव्हेत. अमेरिकी नौदलाच्या ‘गोफास्ट’ नावाच्या चित्रफितीत काहीतरी समुद्रालगत भन्नाट वेगाने जाताना दिसते. पण पडद्यावरच अंतर, कोन आणि विमानाची उंची लिहिलेली आहे आणि २०२० मध्ये चित्रफीत अधिकृतपणे खुली झाली. २०२३ मध्ये नासाच्या समितीने त्याच आकड्यांवरून त्रिकोणमितीने दाखवले की वस्तू सुमारे १३,००० फुटांवर आहे आणि तिचा वेग ताशी चाळीस मैलांच्या आसपास, म्हणजे वाऱ्यावर तरंगण्याइतका आहे. भन्नाट वेग होता तो टिपणाऱ्या विमानाचा. शाळकरी गणिताने हे सुटले, कारण आकडे झाकले नव्हते.

म्हणूनच जून २०२१ च्या अमेरिकी गुप्तचर अहवालाची झालेली टिंगल मला अन्यायाची वाटते. १४४ खबरांपैकी एकच सुटली, ती म्हणजे हवा गेलेला एक मोठा फुगा, बाकीच्यांसाठी माहिती पुरेशी नाही, असे त्यात सरळ लिहिले होते. १९५७ मध्ये एक हजारातल्या चौदा सोडून सगळ्या सोडवणाऱ्या कचेरीपेक्षा १४३ वेळा ‘ठाऊक नाही’ म्हणणारी कचेरी मला अधिक भरवशाची वाटते. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे झालेल्या कायद्याने अशा सर्व नोंदी राष्ट्रीय अभिलेखागारात गोळा करण्याचे बंधन घातले आहे. नोंद तयार झाल्यापासून पंचवीस वर्षांत ती खुली करायची, रोखायची असेल तर राष्ट्राध्यक्षांनी तसे प्रमाणित करायचे. मूळ मसुद्यातले स्वतंत्र पुनरीक्षण मंडळ मात्र वाटेत गाळले गेले, आणि ते गाळले जाणे ही मला खरी उणीव वाटते.

आपल्याकडे फ्रान्ससारखी संस्था नाही, पण प्रसंग आले आहेत. २०१२-१३ मध्ये लडाखमधील पँगाँग सरोवराच्या परिसरात जवानांना सीमेपलीकडून येणारे प्रकाशमान ठिपके दिसू लागले. चिनी ड्रोन असल्याचा संशय होता. वृत्तपत्रांत आलेला नोंदींचा आकडा ३२९ आहे. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा ते ठिपके गुरू आणि शुक्र निघाले. जवानांची थट्टा करण्याचे कारण नाही. त्या उंचीवरच्या कोरड्या, स्वच्छ हवेत हे ग्रह किती तेजस्वी दिसतात ते तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. शिवाय जवानांनी वेळ आणि दिशा नीट लिहून ठेवली, म्हणून तर शास्त्रज्ञांना ताळा करता आला. नोंदींची ती वही मात्र आपण पाहिलेली नाही, आपल्याला तिची बातमी मिळाली. माहितीचा अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती द्यावी असे म्हटले आहे, पण सुरक्षेचा अपवाद त्यानंतरही कायम ठेवला आहे, आणि तो किती काळ, याला मर्यादा नाही. चौकी कुठे होती, दुर्बीण कोणती होती, हे झाकणे मी समजू शकतो. शुक्र किती वाजता उगवला हे झाकण्याला मात्र कारण दिसत नाही. झाकण्याजोगा भाग वगळून उरलेली माहिती द्यावी, असे त्याच कायद्याचे कलम १० सांगते. पँगाँगच्या वहीसाठी ते कलम लावून पाहायला २०३३ उजाडण्याची वाट पाहायचे कारण नाही.